सोलापूरच्या जुन्या पेठेत बिऱ्हाड थाटताना

नोकरीनिमित्त सोलापुरात येणाऱ्या कुटुंबाला बहुधा जुळे सोलापूर, विजापूर रस्ता किंवा होटगी रस्त्यावरील वसाहती सुचवल्या जातात, आणि गावठाणातील पेठांचे नाव निघाले की ‘तिथे फार गर्दी’ एवढ्यावर विषय संपतो. गर्दी आहे, हे खरेच. तरीही मंडई, दवाखाना, औषधांचे दुकान, शिंपी, पिठाची गिरणी आणि देऊळ हे सारे ज्या घरापासून पायी गाठता येते, ते घर वृद्ध आईवडिलांसाठी व लहान मुलांसाठी किती सोयीचे असते, हे तेथे राहिल्यावाचून कळत नाही. मात्र पेठेचे स्वतःचे वेळापत्रक असते. पाणी कधी येते, बाजार कधी भरतो, माग कधी चालतात आणि मिरवणूक कोणत्या तोंडाने निघते, हे आधी समजून घेऊन जो राहायला जातो त्याला पेठ सुखाची वाटते. केवळ भाडे आणि खोल्या पाहून जाणारा माणूस वर्षभरात दुसरे घर शोधू लागतो.

म्हणून घर पाहण्यापूर्वी गल्ली पाहावी, आणि ती एकदाच पाहून निर्णय घेऊ नये. सकाळी लवकर, दुपारी उन्हाच्या वेळी आणि रात्री दुकाने बंद होताना अशा तीन वेगवेगळ्या वेळी जावे. मधला मारुती, टिळक चौक, चाटी गल्ली आणि नवी पेठ या बाजाराच्या परिसरात दिवसा हातगाड्या, दुचाक्या आणि गिऱ्हाईक यांतून वाट काढावी लागते. दुकाने बंद झाल्यावर मात्र तोच भाग शांत होतो. जोडभावी पेठेत मंगळवारच्या बाजाराच्या दिवशी एरवीचा अंदाज कामाला येत नाही. साखर पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक या पूर्व भागाची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथील वस्ती विणकरांची असून अनेक कारखाने अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत गेले असले, तरी घराला लागून यंत्रमाग चालतात अशा गल्ल्या अजूनही आहेत. शेजारी माग असेल तर नुसता आवाज ऐकून समाधान मानू नये. सामाईक भिंतीला तळहात लावावा, मांडणीवर स्टीलचा पेला ठेवून तो थरथरतो का, हे पाहावे. खडखडाटाची कानाला महिन्याभरात सवय होते. पण भिंतीतून येणारा हादरा झोपेत जाणवतो आणि त्याची सवय सहसा होत नाही.

घराच्या बांधणीकडे येऊ. जुन्या वाड्यांची दगडमातीची जाड भिंत आणि वरचे मातीचे माळवद ही या हवेला साजेशी बांधणी आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा माळवदाखालची खोली दुपारी खरोखर बसण्यासारखी असते, तर पत्र्याच्या छताखालची वरची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. स्वस्त मिळते म्हणून पत्र्याची माडी घेणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा. माळवदाला मात्र दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती टाकून, चोपून, उतार नीट करावा लागतो. ते काम कोण करणार आणि खर्च कोणाचा, हे मालकाशी बोलून घ्यावे. तुळयांच्या टोकांना, म्हणजे लाकूड भिंतीत जाते तेथे, ओल किंवा वाळवीची माती दिसली, तर ते घर सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या पावसात जुनी भिंत ढासळण्याचा धोका असतो, आणि तेथे भाड्यातली बचत मोजण्यात अर्थ नाही. कागदपत्रांबाबतही संकोच नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि भाड्याची पावती मिळणे हा भाडेकरूचा हक्क आहे. ‘आपल्या पेठेत असले काही लागत नाही’ असे कोणी प्रेमाने सांगितले, तरी प्रेम राखूनही करार करता येतो.

आता पाण्याविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण या शहरात घराची खरी पारख नळावर होते. सोलापूरला पाणी मुख्यतः सुमारे शंभर किलोमीटरवरील उजनी धरणातून येते. त्याला औज-टाकळी येथील भीमेच्या बंधाऱ्याची व हिप्परगा तलावाची जोड आहे. गेली अनेक वर्षे शहरात रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येते, आणि प्रत्येक भागाची वेळ वेगळी असते. घर पाहताना मालकाला ‘पाणी आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘भरपूर’ असेच मिळते. त्याऐवजी समोरच्या घरातील बाईंना विचारावे की पाणी कधी सुटते, किती वेळ राहते आणि दाब कसा असतो. शक्य असेल तर पाण्याच्या दिवशीच जाऊन पाहावे. अनेक जुन्या घरांत नळ जमिनीच्या पातळीखाली, खड्ड्यात असतो, कारण दाब कमी असताना वरच्या तोटीपर्यंत पाणी चढत नाही. चावीवाल्याने, म्हणजे रस्त्यावरची चावी फिरवणाऱ्या पालिकेच्या माणसाने, पाणी सोडले की आधी तोटीतून हवेचा फुसफुस आवाज येतो, मग गढूळ धार लागते. ती पहिली धार सडा-सारवणाला किंवा संडासासाठी बाजूला काढावी आणि पाणी निवळल्यावरच पिण्याचे भरावे. नळाच्या खड्ड्यात सांडपाणी साचत असेल, तर दाब गेल्यावर ते पाइपात ओढले जाऊ शकते. म्हणून तो खड्डा कोरडा, सिमेंटने गिलावा केलेला आणि झाकण असलेला हवा. पिण्याचे पाणी उकळून घेणे पावसाळ्यात तर टाळूच नये.

साठवणुकीचा हिशेब कागदावर मांडावा. चार माणसांच्या घराला काटकसरीने माणशी रोज सत्तर लिटर धरले, तरी पाच दिवसांना चौदाशे लिटर लागतात, आणि पाण्याचा दिवस एकाने पुढे गेला तर त्यात २८० लिटरची भर पडते. तळाशी हौद असलेले घर म्हणूनच चार पैसे जास्त देऊन घ्यावे. हौद नसेल तर टाकी कोठे ठेवायची, हा प्रश्न येतो. हजार लिटर पाण्याचे वजन एक हजार किलो होते. ती टाकी माळवदाच्या मधोमध ठेवणे धोक्याचे आहे, ती अंगणात किंवा भक्कम चौथऱ्यावरच असावी. नळाला थेट मोटार जोडून पाणी ओढू नये. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यामुळे गल्लीच्या टोकाच्या घराला पाणी मिळत नाही, आणि त्या घराशी आपला रोजचा संबंध असतो. हौदात आलेले पाणी मोटारीने वर चढवण्यास कोणाची हरकत नसते.

साठवलेल्या पाण्याची एक बाजू अशी आहे की तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर घरातले माणूस आजारी पडते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात व ती कोरडी होऊनही अनेक महिने टिकतात. त्यामुळे पिंप नुसते पालथे करून भागत नाही, आतून काथ्याने घासावे लागते. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी पिंपे रिकामी होत आलेली असतात, तोच घासण्याचा दिवस ठरवावा. हौदाच्या झाकणाला फट असेल तर जुन्या सुती कापडाचा पदर घट्ट बांधावा.

वाहनाबद्दल थोडक्यात सांगतो. दुचाकी घराच्या आत किंवा ओट्याच्या कडेला घेता येते का, एवढे पाहावे. चारचाकी असेल तर गावठाणाबाहेर भाड्याने जागा घ्यावी आणि गल्लीत उभी करण्याचा हट्ट धरू नये. रुग्णवाहिका कोणत्या बोळातून दारापर्यंत येते, हे मात्र पहिल्याच आठवड्यात स्वतः चालून पाहून ठेवावे.

सणांचे वेळापत्रक हा पेठेच्या जीवनाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतील भक्त ते तोलून धरतात, आणि तैलाभिषेकाच्या दिवशी मिरवणूक अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालते. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा होतो. मार्गावरील घरांसमोर पहाटेपासून रांगोळी चालू असते. आपले घर त्या मार्गावर असेल तर दारापुढची जागा आदल्या रात्रीच मोकळी करावी आणि शेजारणींबरोबर रांगोळीला बसावे, ओळख करून घेण्यास याहून चांगली संधी मिळणार नाही. नारळी पौर्णिमेला सिद्धेश्वर पेठेतील मंदिरापासून मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा सारा पूर्व भाग रस्त्यावर असतो. रमजानमध्ये विजापूर वेशीतला मीना बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो. गणपती, आंबेडकर जयंती आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांत लेझीम असते. कोजागरीला तुळजापूरकडे पायी निघालेल्या भाविकांनी रूपाभवानी मंदिराकडचा रस्ता भरून जातो. या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात खुणा करून ठेवाव्यात आणि त्या दिवशी प्रवासाला किंवा रुग्णालयाच्या तपासणीला जायचे असेल, तर वेगळा रस्ता ठरवावा. घरात तान्हे मूल किंवा हृदयरोगी असेल आणि ध्वनिक्षेपकाचा त्रास होत असेल, तर नियम ठाऊक असावा: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि वर्षातील मोजक्या दिवशीच शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. तरीही आधी मंडळाच्या कार्यकर्त्याला घरी बोलावून आजारी माणूस दाखवावे. दाराजवळचा स्पीकर दुसरीकडे वळवायला बहुतेक मुले तयार होतात; ऐकले नाही तर पोलिसांच्या मदतीचा ११२ हा क्रमांक आहेच.

भाषेबद्दल परगावच्या माणसाला उगीच धास्ती वाटते. एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, वळणावर दखनी आणि सगळीकडे सोलापुरी मराठी, असा हा भाग आहे. सर्वांना मराठी येते. आपण चार शब्द त्यांचे शिकलो तर बोलणे मोकळे होते. वयाने मोठ्या बाईला अक्का, पुरुषाला अण्णा म्हटले की तेलुगू आणि कन्नड दोन्ही घरांत चालते. अनोळखी माणसाने ‘काय बे’ म्हटले तर तो अपमान समजू नये, येथे ते सलगीचे बोलणे आहे. स्वतः मात्र वडीलधाऱ्यांशी ते वापरू नये. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणाऱ्या बायका बहुतेक पेठांत आहेत. त्यांच्याकडून नेमाने घ्यावे, म्हणजे स्वयंपाकाची सोय होते आणि गल्लीतली खबरही मिळते.

नवरा-बायको दोघेही नोकरी करणारे असतील, तर पाणी सुटण्याच्या वेळी घरात कोणी नसण्याची अडचण हमखास येते. अशा वेळी बाहेरच्या दाराची एक किल्ली शेजारच्या घरी ठेवावी, आतल्या खोलीचे कुलूप वेगळे असावे, आणि कोणती तोटी उघडायची व हौद कुठवर भरायचा, हे त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवून द्यावे. पाणी सुटताना ते घरी नसतील आणि आपण असलो, तर त्यांचा नळ आपण पाहावा.