ओठांभोवती मुंग्या येतात तेव्हा

मार्चअखेरची कामं तुंबलेली. संध्याकाळी ठाणे लोकलमध्ये उभी असताना ओठांभोवती मुंग्या सुरू झाल्या, मग दोन्ही हातांच्या बोटांनाही. पोटात गोळाच आला.

असं झालं तर आधी आरशात बघून हसा. तोंड एका बाजूला ओढलं जातंय, एक हात उचलत नाही, जीभ अडखळतेय, यातलं एक जरी दिसलं तरी तो पक्षाघात (स्ट्रोक) असू शकतो, ताबडतोब 108 लावा. ‘टेन्शन असेल’ म्हणत बसू नका, थोड्या वेळात बरं वाटलं तरीही.

यातलं काही नसेल तर श्वासाकडे लक्ष द्या. घाबरल्यावर आपण नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, पाठोपाठ मोकळं कॅल्शियमही, आणि नसा चेतवल्या जातात. म्हणूनच मुंग्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना येतात. खांदे सैल सोडा, तळहात पोटावर ठेवा, नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत हळूहळू बाहेर. पाच मिनिटं तरी करा. मी दादरपासून मुलुंडपर्यंत करत होते. तोंडावर कागदी पिशवी मात्र धरू नका, ते धोक्याचं आहे.

मग वहीत लिहा: वेळ, कुठली बाजू, झोप, चहा किती. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. बी-12, साखर, थायरॉइड, कॅल्शियम तपासून घ्याच. मी शाकाहारी, माझं बी-12 खरंच कमी निघालं. काळजीही होतीच, दोन्ही एकत्र असू शकतं. काळजीबद्दल बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.