कोल्ड एअर गन गार करत नाही? आधी प्रेशर बघा, मग पाणी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या शॉपमध्ये बिडाचं कास्टिंग कूलंटविना मशीन करायला व्हॉर्टेक्स ट्यूबची (दाबाची हवा आत गरगर फिरवून एका टोकाने गरम, दुसऱ्याने थंड सोडणारी नळी) कोल्ड एअर गन चांगली. मात्र तिच्यात शिरणाऱ्या हवेला साडेपाच-सहा बार प्रेशर लागतंच. गेज गनजवळ लावा आणि हवा सुटलेली असताना वाचा. कॉम्प्रेसरवर ७ दिसतात, पण पाव इंची लांब होजमधून गनपर्यंत जेमतेम ४ पोचतात. अर्धा इंची लाईन टाका.

गरम टोकाचा स्क्रू आवळला की थंड बाजूची हवा वाढते, गारवा मात्र उतरतो. टूलसाठी ६० ते ८० टक्के हवा थंड बाजूने सोडा. नुसत्या बर्फासारख्या बारीक झोताने उष्णता फारशी निघत नाही.

पावसाळ्यात खरी डोकेदुखी ओलाव्याची. ट्यूबच्या आत बर्फ धरतो, झोत मधेच मंदावतो. पाच-दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा नीट चालली, तर दोष गनचा नाही. ड्रायर, त्यापुढे ५ मायक्रॉनचा फिल्टर आणि रिसीव्हरचं (हवेच्या टाकीचं) पाणी रोज सोडणं, एवढं हवंच.

१५ सीएफएमची (मिनिटाला १५ घनफूट हवा घेणारी) गन कॉम्प्रेसरची साधारण ४ एचपी खाते. म्हणून हवेच्या लाईनवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा) स्पिंडलच्या सिग्नलवर घ्या, म्हणजे स्पिंडल थांबला की हवाही थांबेल. बिडाची भुकटी उडणारच, तेव्हा सक्शन आणि गॉगल पाहिजेतच.