पावसाच्या नोंदींची चढती बेरीज 'आर'मध्ये

खरिपात नुसता एकूण पाऊस कळून भागत नाही. पेरणीआधी 75 ते 100 मिमी पाऊस व्हावा असं सांगतात, तर तो आकडा कोणत्या तारखेला पुरा झाला ते हवं असतं. घाईनं पऱ्हाटी टोबली आणि मृगानं पाठ फिरवली की दुबार पेरणी ठरलेलीच.

पर्जन्यमापकाची रोज सकाळी 8:30 ची नोंद 'आर' या आकडेमोडीच्या संगणक-भाषेत क्रमानं भरा. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं, फक्त सुटं एनए आणि ट्रू मोठ्या अक्षरांत; एनए.आरएम आणि इज.एनए मधलं एनए लहानच.)

पी <- सी(0, 12.4, एनए, 31, 0, 45.6, 18)

तिसऱ्या दिवशी नोंद घेतली नाही, म्हणून एनए. तिथे शून्य भरू नका. शून्य म्हणजे पाऊस नाही, एनए म्हणजे माहीत नाही. आता एकूण बेरजेसाठी सम(पी) लावलं तर उत्तरही एनए येतं, आणि ते बरोबरच आहे. एनए वगळायला सम(पी, एनए.आरएम = ट्रू) केल्यावर 107 मिळतात.

चढत्या बेरजेच्या, म्हणजे त्या त्या दिवसापर्यंतच्या बेरजेच्या, क्यूमसमला मात्र ही सोय नाही. तिसऱ्या दिवसापासून पुढे सगळे एनएच दिसतात. म्हणून फक्त तेवढ्यापुरतं एनएच्या जागी शून्य धरा:

बी <- क्यूमसम(रिप्लेस(पी, इज.एनए(पी), 0))

उत्तर: 0, 12.4, 12.4, 43.4, 43.4, 89, 107. मग व्हिच(बी >= 100)[1] म्हणजे 7, सातवा दिवस. पण तिसऱ्या दिवशी 11 मिमी जरी पडला असेल तरी शंभरी सहाव्याच दिवशी गाठली गेली. म्हणून तारखेपुढे 'उशिरात उशिरा' असं लिहा. मापक त्या दिवशी रिकामा केलाच नसेल, तर चौथ्या दिवसाचे 31 दोन दिवसांचे मिळून आहेत. तेव्हा एकूण बेरीज जुळते, एका दिवसातला सर्वाधिक पाऊस मात्र फसवा निघू शकतो.

फाइलमधून आकडे घेताना एका खान्यात '31 मिमी' असलं तरी अख्खा स्तंभ मजकूर ठरतो आणि सम चूक दाखवून थांबतं. एक्सेल तो खाना गुपचूप वगळून कमी बेरीज देतं, ते जास्त घातक. रजिस्टरवरून देवनागरी अंक टाइप केले असतील तर 'आर' त्यांना आकडे मानत नाही; सी-एच-ए-आर-टी-आर या आज्ञेनं दहाही अंक बदलून मग अ‍ॅज.न्यूमेरिक लावा.

पावसाचे दिवस मोजायला सम(पी >= 2.5, एनए.आरएम = ट्रू). हवामान खात्याच्या व्याख्येत 2.5 मिमीपासून पावसाचा दिवस धरतात. इथे उत्तर 4.