९८७६५४३२१ सारखा मोठा आकडा फोडायचा कसा

मोठा आकडा समोर आला की बरेच जण आधी कॅल्क्युलेटर काढून वर्गमूळ बघत बसतात, त्यातून हाती काही लागत नाही. आधी आकडा फोडायचा, म्हणजे मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडायचा, बाकीचं सगळं मग त्यातूनच निघतं. आपण ९८७६५४३२१ घेऊ.

शेवटी १ आहे म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जाणारच, उरले १०९७३९३६९. आता याची पण बेरीज करा (हे हमखास राहून जातं), ४७ येते, म्हणजे ३ चा विषय संपला.

७, ११, १३ वेगवेगळे तपासू नका. तिघांचा गुणाकार १००१ होतो, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-वजा केलं की काम होतं: ३६९ − ७३९ + १०९ = −२६१. २६१ ला तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही, म्हणजे मोठ्या आकड्यालाही जात नाही. फक्त इथे आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम विसरायचे, मी सवयीने दोन-दोनचे गट पाडले होते आणि अर्धा तास घालवला.

१३ पर्यंत काहीच लागलं नाही की माणूस कंटाळतो, पण थांबू नका. १७ ने सरळ भागाकार करा, ६४५५२५७ येतात, आणि परत १७ ने भागा, ३७९७२१. तिसऱ्यांदा मात्र बाकी ९ उरते. एकदा भाग गेला की त्याच संख्येने परत भागून बघायचं, हा नियमच करून टाका.

आता ३७९७२१ चं काय? ६१६ चा वर्ग ३७९४५६ आणि ६१७ चा ३८०६८९, म्हणजे ६१६ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की बास. अशा ११२ आहेत, ७ आधीच झाल्या, १०५ राहिल्या. हा भाग कंटाळवाणा आहे, खुशाल कॉम्प्युटरला द्या. एकानेही भाग जात नाही, म्हणजे ही मूळ संख्या.

म्हणजे ९८७६५४३२१ = ३² × १७² × ३७९७२१. विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं, ३ × ३ × २ = १८. त्यांची बेरीज हवी असेल तर (१+३+९) × (१+१७+२८९) × (१+३७९७२१), म्हणजे १३ × ३०७ × ३७९७२२ = १५१५४७०५०२. यातून आपला ९८७६५४३२१ वजा केला की ५२७८१६१८१ उरतात, म्हणजे ९८७६५४३२१ च्या निम्म्याहून थोडेसेच जास्त.

आता माझा आवडता भाग. ३७९७२१ ला ४ ने भागलं की बाकी १ उरते, आणि अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच, हे फर्माचं प्रमेय. ते दोन वर्ग शोधायचे कसे? ८ ने भागल्यावरही बाकी १ च येते, म्हणून दोनातली सम संख्या चारच्या पाढ्यातलीच असणार. मग ४, ८, १२ असे वर्ग वजा करत जायचं आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. विसाव्या प्रयत्नात ८० ला लागलं: ३७९७२१ − ६४०० = ३७३३२१, म्हणजे ६११ चा वर्ग. ३ × १७ = ५१ बाहेर पडलेलाच आहे, त्याने दोन्हीला गुणलं की ९८७६५४३२१ = ३११६१² + ४०८०². विश्वास बसत नसेल तर ९७१००७९२१ आणि १६६४६४०० ची बेरीज करून बघा.