बोटीत पाय ठेवण्याआधी: नार्व्याच्या तरीवरून

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरची मावसबहीण सहकुटुंब येते. पहिल्या दिवशी सप्तकोटेश्वराचं दर्शन, दुसऱ्या दिवशी समुद्र, आणि तिसऱ्या दिवशी मुलं माझ्या मागे लागतात: मावशी, बोटीत कधी बसायचं? मी मांडवीकाठच्या नार्व्याची. आजोबा तारी होते, वल्ह्याच्या होडीने माणसं पलीकडे दिवाडीला पोचवायचे. माझी स्वतःची लहान फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. त्यामुळे पाहुण्यांना दरवर्षी जे तोंडी सांगते, ते यंदा लिहून ठेवते आहे. गोव्यात येऊन भाड्याच्या बोटीत बसणाऱ्यांसाठी, आणि नदीकाठी राहूनही पाण्याकडे जायची वाट ज्यांना आता सापडत नाही त्यांच्यासाठीही. माझ्या लेखी या दोन गोष्टी एकच आहेत. गावाचा धक्का बंद झाला की माणसं चिखलातून, अंधारातून, कुठूनही बोटीत चढतात, आणि तिथे तपासायला कोणी नसतं.

25 डिसेंबर 2024 ला कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली. वीसेक जणांना बाहेर काढलं, एक माणूस गेला. त्या दिवसापासून मी पाहुण्यांना आधी धक्क्यावर उभं करते, मग बोट दाखवते.

धक्क्यावर काय बघायचं

पहिल्यांदा बोटीचा नंबर. गोव्यात होड्या-बोटींची नोंदणी बंदर कप्तान खातं करतं. त्याचं कार्यालय पणजीत मांडवीच्या काठालाच आहे. नोंदणी झालेल्या बोटीच्या अंगावर नंबर रंगवलेला असतो. नंबर नसेल, खरवडलेला असेल किंवा ताडपत्रीखाली झाकला असेल, तर पुढचं काही विचारूच नका, दुसरी बोट बघा. नंबर असेल तर फोनमध्ये त्याचा फोटो काढा आणि घरी राहिलेल्या कोणाला तरी पाठवा. सोबत किती वाजता आणि कुठून निघतो तेही लिहा. नंतर तक्रार करायची वेळ आली तर हाच फोटो उपयोगी पडतो, आणि शोधाशोध करायची वेळ आली तर त्याहून जास्त.

मग प्रमाणपत्र. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो, आणि चालवणाऱ्याकडे त्या कामाचा दाखला. तपासणीचं प्रमाणपत्र बोटीत सहज दिसेल अशा जागी लावायचं असतं. त्यावर दोन गोष्टी वाचा: मुदत कधी संपते, आणि माणसं किती. "कागद मालकाकडे आहे" असं उत्तर आलं तर मी शांतपणे म्हणते, मग मालक आल्यावर बसू.

आता डोकी मोजा. मोठ्याने मोजा, सगळ्यांना ऐकू येईल असं. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आणि खलाशी धरून. लहान मुलं मोजायची नाहीत ही पद्धत धक्क्याधक्क्यावर आहे. अर्धं तिकीट काढलं म्हणून बोटीला अर्धा माणूस वाटत नाही. सहा वर्षांचं मूल बाकावरून उठून काठाशी धावलं की बोट तेवढीच कलते. प्रमाणपत्रावर बारा लिहिले असतील आणि तुम्ही चौदा असाल तर दोघांनी उतरायचं, आणि कोणी उतरत नसेल तर सगळ्यांनी. मी स्वतः एकदा अशा बोटीतून बहिणीची पाच माणसं उतरवली. दिलेले पैसे परत मिळाले नाहीत, तांडेल बोलला, मागच्या रांगेतले लोकही बोलले. पण आम्ही उतरलेलं बघून आणखी एक कुटुंब उतरलं. बंदर कप्तानाचा निरीक्षक प्रत्येक धक्क्यावर प्रत्येक फेरीला उभा राहू शकत नाही. प्रवासी मात्र प्रत्येक फेरीला तिथे असतोच.

लाइफ जॅकेट: इथे घाई करू नका

जॅकेट बोटीत आहे, एवढ्याने भागत नाही. बाकाखाली बांधून ठेवलेलं जॅकेट बोट उलटल्यावर हाताला लागत नाही. धक्क्यावरच घाला, आणि घालण्याआधी तपासा. शिवण उसवलेली आहे का, आतला फोम दाबल्यावर परत वर येतो का, पट्ट्यांचे चाप बसतात का. उन्हात वर्षानुवर्षं पडून कापड विटतं आणि हाताने ओढलं तरी फाटतं. असं जॅकेट परत द्या, दुसरं मागा.

पट्टे ओढून घट्ट करा. मग दुसऱ्याला सांगा, माझ्या खांद्यांपाशी धरून जॅकेट वर उचल. ते हनुवटीला लागलं किंवा कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण त्यांना मोठ्यांचं जॅकेट घालून वरून दोरी गुंडाळतात. मुलाच्या वजनाप्रमाणे मापाचं जॅकेट हवं, आणि त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा. बोटीत लहान मापाचं जॅकेट नसेल तर मूल त्या बोटीत जाणार नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. त्यावर रडारड झाली आहे, नियम बदललेला नाही. साडी नेसलेल्या बायकांनी पदर आणि निऱ्या नीट खोचून मग जॅकेट घालावं. पाण्यात पायांना कापड गुंडाळलं की पोहता येणारीलाही पाय मारता येत नाहीत.

तिथी, भरती आणि दुपारचा वारा

आजोबांचा हिशेब किनारपट्टीवर सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन भागिले चार म्हणजे तीन वाजता. सप्तमीला सव्वापाच. अमावास्या किंवा पौर्णिमा ही पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. हे ढोबळ आहे. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक आता फोनवर मिळतं, ते बघाच. शिवाय मांडवीत ही भरती आत थेट गांजेपर्यंत जाते, सुमारे 50 किलोमीटर, त्यामुळे आमच्या नार्व्याला ती तोंडापेक्षा उशिरा पोचते. पण हिशेब डोक्यात असला की तांडेलाला नेमका प्रश्न विचारता येतो: परत येताना पाणी भरतं असेल की ओसरतं?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते मी चूक करून शिकले. सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दोन भाच्यांना घेऊन पणजीहून आग्वादच्या दिशेने निघाले. दिवस अमावास्येचा. भरती सव्वाअकराला झाली होती, आम्ही निघालो अडीचला. म्हणजे उधाणाची ओहोटी ऐन जोरात, सगळी मांडवी समुद्राकडे धावते आहे. आणि आपल्याकडे दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो बरोबर तिच्या तोंडावर. पाणी एकीकडे, वारा उलट. अशा वेळी लाट लांब नसते, आखूड आणि उभी असते. होडीचं पुढचं टोक, नाळ, उचललं जायचं आणि आपटायचं, मागचा पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळायचं. भाच्यांना मी तळाला बसवलं, वेग कमी केला, दोन लाटांच्या मधली जागा बघून होडी वळवली आणि रेईश मागुशच्या किल्ल्याखाली उत्तर काठाच्या आडोशाला आणली. तिथे तासभर थांबलो. कोणालाही काही झालं नाही, पण धाकटी अजून त्या पाण्यावरून फेरीबोटीतही जात नाही. हवामान स्वच्छ होतं, आकाश निळं होतं. नुसतं आकाश बघून निघायचं नसतं.

म्हणून समुद्राच्या तोंडाशी, आग्वाद असो, बेतुल असो की शापोरा, डॉल्फिन बघायला जायचं तर सकाळी जा. पाळोळ्याच्या उलांडीच्या, म्हणजे बाजूला आधाराचं लाकूड जोडलेल्या, होड्या बाजूला सहज कलंडत नाहीत, तरी वेळ सकाळचीच बरी. जून ते सप्टेंबर या तोंडांवरून बाहेर जाऊच नका. पावसाळ्यात आग्वादच्या वाळूच्या बारवर लाटा फुटतात, तेव्हा मोठी मालवाहू बार्जसुद्धा मुरगावला जायला कुंभारजुव्याचा कालवा धरतात.

बोटीत

चढताना एकेकाने, बोटीच्या मधोमध पाय ठेवून. डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला धावतात, तेच करायचं नाही. जो जिथे बसला आहे तिथूनच बघेल. तांडेलाच्या मनगटाला किंवा जॅकेटला इंजिन बंद करणारी दोरी अडकवलेली असावी. तो पाण्यात पडला तर ती ओढली जाऊन इंजिन थांबतं, नाहीतर रिकामी बोट पंख्यासकट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. लहान होडीवाले ही दोरी बहुतेक वेळा बाजूला लटकवून ठेवतात. सांगा, लावतात.

लोखंडाची बार्ज दिसली तर तिला वाट द्या, ती तुमच्यासाठी थांबू शकत नाही. खाजनाचा (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा) बांध, मानस (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) आणि खारफुटीपाशी वेग एकदम कमी करायला लावा. तुमच्या बोटीची लाट रोज बांधाला लागते, माती सुटते, आणि एक दिवस खारं पाणी कोणाच्या तरी शेतात शिरतं. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. दुर्भाटच्या बाजूला पौषात त्यांची चिखलाची मूर्ती करून पूजा होते, माणगें थापणी म्हणतात. तिथे हात-पाय पाण्यात सोडून बसू नका.

बोट उलटली तर तिला धरून राहा. काठ जवळ दिसतो, पण ओहोटीत तो जवळ नसतो. फायबरची होडी बहुधा तरंगत राहते आणि शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते. तटरक्षक दलाचा नंबर 1554, पोलिसांसाठी आणि कुठल्याही संकटात 112, रुग्णवाहिका 108. फोन झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून गळ्यात ठेवा, पर्समध्ये नको.

पाण्याकडे जाणारी वाट अडली तर

गोकुळाष्टमीला आमच्या नार्व्याला पंचगंगा नावाच्या नदीकाठच्या तीर्थावर स्नानाला गावोगावची माणसं येतात. कुंभारजुव्याला गणपतीत दोन होड्या जोडून सांगोड निघतो. या सगळ्याला पाण्यापर्यंत पोचणारी पायवाट आणि चार पायऱ्या लागतात. जवळच्याच एका गावात अशा वाटेवर फाटक आलं. जागा विकली गेली होती, नव्या मालकाने कुलूप घातलं. माणसं शेजारच्या चिखलातून होडीत चढू लागली. एका आजीचा पाय घसरून खुबा मोडला.

वाट अडली की पहिल्या आठवड्यात हे करा. फाटकाचे, कुलपाचे आणि पलीकडच्या पायऱ्यांचे तारखेसह फोटो काढा. त्या जमिनीचा नमुना 1 आणि 14 (गोव्यातला जमिनीचा उतारा) व सर्व्हेचा नकाशा काढा. वाट वापरणाऱ्या वृद्धांची जबानी लिहून घ्या, विसर्जनाचे जुने फोटो घरोघर मागा; लग्नाच्या अल्बममध्येही अशी वाट सापडते. मग पंचायतीला लेखी अर्ज द्या आणि ग्रामसभेत विषय घेऊन तो इतिवृत्तात आला की नाही ते बघा. वहिवाटीची वाट मोकळी करून मागायला मामलेदार न्यायालय कायदा, 1966 आहे; त्यासाठी वकिलाचा सल्ला लवकर घ्या, दिवस जाऊ देऊ नका. बांधकाम भरतीच्या पट्ट्यात असेल तर गोवा किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार करा. परवाना कोणी दिला हे विचारायला माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर.

"खासगी जागा आहे" एवढं ऐकून मागे फिरू नका. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी वाट हॉटेलाच्या बांधकामाने अडली होती. गावातल्या माणसांनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं आणि 2009 साली ती वाट लोकांसाठी मोकळी ठेवण्याचा निकाल लागला. किनारा, नदी ही सरकारची मालमत्ता नसून सरकार तिचं लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व न्यायालयाने तिथे लावलं. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

बोटीच्या तक्रारीलाही हीच शिस्त: नंबर, तारीख, वेळ, धक्का, माणसं किती होती, जॅकेट किती जणांच्या अंगावर होती. पत्र बंदर कप्तान खात्याला, प्रत पर्यटन खात्याला. आणि दोन्ही ठिकाणी आवक क्रमांक घातलेली, शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकीपासून हलू नका.