सागवानी फर्निचरला जवसाचं तेल: खरं काम पुसण्यात आहे

जुनं व्हार्निश पूर्ण काढून, १२०, १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेनेच घासून लाकूड उघडं केलं आहे, असं धरतो.

खोबरेल किंवा शेंगदाणा तेल चोळायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ती तेलं सुकतच नाहीत, नुसती धूळ धरतात. जवसाचंच घ्या, पण कच्चं नको, त्याला सुकायला आठवडे लागतात. दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड मागा. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, तेव्हा पोळपाट-लाटण्याला ते लावू नका.

सागाच्या अंगचं तेल जवसाचं सुकणं लांबवतं, म्हणून आधी थिनरने एकदा पुसून घ्या. पहिल्या हाताला अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन. सढळ लावा, १५-२० मिनिटं मुरू द्या.

आता पुसणं. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. ‘राहू दे, लाकूड पिऊन टाकेल’ हा सल्ला ऐकला की मला संताप येतो. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. लाकडाच्या आत हे झालं तर उत्तमच. वर साचलेल्या तेलावर मात्र साय धरते, खालचं ओलंच राहतं, आणि टेबलावर ठेवलेला कागद चिकटून बसतो.

सागाची छिद्रं मोठी असतात. स्वच्छ पुसलेल्या फळीवरही तासाभरात आतलं तेल बारीक थेंबांनी वर येतं. तसंच सुकलं तर चकचकीत ठिपके उरतात. या ठिपक्यांनी मला फार छळलं आहे, म्हणून बजावून सांगतो: एकदा पुसून निघून जाऊ नका. थेंब थांबेपर्यंत तासातासाने कोरड्या सुती फडक्याने पुसत राहा. हात फिरवल्यावर बोटाला ओशटपणा लागता कामा नये. सांध्यांत आणि नक्षीत काडीला फडकं गुंडाळून फिरवा. लवकर सुकावं म्हणून उन्हात तर मुळीच ठेवू नका, लाकूड तापलं की तेल जास्तच बाहेर येतं.

आधीच चिकट झालं असेल तर वरून आणखी तेल लावू नका. टर्पेंटाइनच्या फडक्याने चोळून काढा, नाहीच निघालं तर खरवडा.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते, ती बोळ्यात कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. एकेक फडकं बाहेर मोकळ्यावर पसरा, वाळून कडक झालं की मगच टाका.

पुढचे दोन हात टर्पेंटाइनशिवाय, अगदी पातळ, मध्ये किमान एक दिवस सोडून. दर वेळी पुसणं तितकंच. पावसाळ्यात दमट हवेमुळे सुकणं फार रेंगाळतं. कोकणात राहत असाल तर हे काम दिवाळीनंतरच काढा.