चित्राला हात लावायच्या आधी एक मेल टाका

दिवाळी अंकांची कामं जून-जुलैत वाटायला लागतात आणि नेमकं तेव्हाच नव्याने फ्रीलान्स करणाऱ्या पोरापोरींचे मेसेज येतात, ताई मुखपृष्ठाचे किती सांगू? सांगते मी, पण आधी विचारते की चित्र कुठे कुठे छापणारेत ते विचारलंस का? बहुतेकांनी विचारलेलं नसतं.

मीपण नव्हतं विचारलं. सुरुवातीला एका प्रकाशकाला मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करून दिलेलं, चिंचेखाली बसलेली मुलगी आणि तिच्या मांडीवर शेळीचं करडू. दोन वर्षांनी तीच मुलगी मला स्टेशनरीच्या दुकानात वह्यांच्या कव्हरवर दिसली, गठ्ठेच्या गठ्ठे. फोन केला तर म्हणाले, मानधन दिलंय ना तुम्हाला. फार लागलं ते, पण दाखवायला माझ्याकडे एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात मूळ नियम असा की ज्याने चित्र काढलं त्याचा हक्क. पण त्याच कलम 17 मध्ये पुढे म्हटलंय की कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे गप्प राहिलो तर आपणच अडचणीत येतो, म्हणून ठरवायचं आणि ते लिहून ठेवायचं.

वकील लागत नाही, रोजच्या कामाला मेल पुरतो. मी साधारण असं लिहिते: "आपल्या 2025 च्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी एक चित्र. वापर फक्त या अंकाची छापील आवृत्ती आणि त्याची जाहिरात एवढाच. इतर कुठे वापरायचं असल्यास वेगळं मानधन. कॉपीराइट माझ्याकडे राहील, श्रेयनामावलीत नाव द्यावं. दोन कच्ची रेखाटनं दाखवीन, पक्क्या चित्रात दोनदा दुरुस्ती, पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचे पैसे वेगळे. निम्मे पैसे आधी, बाकीचे फायनल फाइल देताना. मान्य असल्यास या मेलला उत्तर द्या." उत्तर आल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी. फोनवर ठरलं असेल तर "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून तेच मेलवर टाका. आणि कुणी सगळे हक्क कायमचे मागितले तर तसा सही केलेला करार लागतो, तो नीट वाचा आणि पैसेही त्या मानाने घ्या.

आता पैशाचं. दुसरा किती घेतो यावरून नका ठरवू. आपला महिन्याचा खर्च धरा, घरभाडं, वीज, सॉफ्टवेअर, टॅब्लेटचा हप्ता, सगळं. समजा 30 हजार होतात आणि महिन्यात प्रत्यक्ष पैसे देणारं काम 12 दिवस मिळतं, तर दिवसाचे अडीच हजार ही नुसती पोट भरायची रक्कम झाली, बचत त्याच्या वर. मुखपृष्ठाला वाचन, विचार, कच्चं, पक्कं, दुरुस्त्या धरून चार दिवस जातात, मग तीन हजारात हो म्हणायचं का ते तुम्हीच बघा. बजेट खरंच कमी असेल तर भाव पाडण्यापेक्षा काम कमी करा, रंगीत ऐवजी रेखाटन द्या.

कच्च्या रेखाटनातच अंकाच्या नावाची जागा सोडा, आणि ती मोकळी सोडा, कारण आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजी मास्टहेडच्या, म्हणजे मुखपृष्ठावरच्या नावाच्या, अंदाजाने जागा ठेवली की उकार चित्रातल्या माणसाच्या कपाळावर येतो. फाइल 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जास्तीचं चित्र. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळतो, तेव्हा आधीच बदलून बघा. लेयर्सवाली मूळ फाइल द्यायची नाही, ठरलं असेल तरच.

इनव्हॉइस फाइलबरोबरच पाठवा, पॅन आणि बँकेचे डिटेल्स घालून. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, 10 टक्के कापला तर घाबरू नका, रिटर्न भरताना तो हिशोबात येतो, कर तेवढा होत नसेल तर परत मिळतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, मात्र करूनच टाका, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असली की लेखी काहीही ठरलेलं असो, काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे देणं काम देणाऱ्याला बंधनकारक असतं, नाही दिले तर व्याजासकट मागता येतात आणि तक्रारही ऑनलाइन करता येते. माझा अनुभव असा की आठवणीच्या मेलमध्ये उद्यम नंबर घातला की अकाउंट्सवाले लगेच उत्तर देतात.

आणि हो, अंकाच्या निदान दोन प्रती मागा, तेही त्या पहिल्या मेलमध्येच. एक पोर्टफोलिओला, एक घरी आईबाबांना दाखवायला.